फ्लॉपीतले दप्तर : डिस्क इमेजमधून फाइली परत मिळवण्याच्या विद्येचा इतिहास

बेंगळुरूहून उत्तरेकडे निघालेला बळ्ळारी रस्ता हेब्बाळ ओलांडून येलहंक्याच्या दिशेने जाऊ लागला, की वाटेत कृषी विज्ञान विद्यापीठाचे जीकेव्हीके हे विस्तीर्ण आवार लागते. याच आवारात टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, अर्थात एनसीबीएस, आहे. आणि त्या केंद्रात २०१९ पासून एक सार्वजनिक अभिलेखागार चालते. भारतातील अलीकडच्या काळातील जीवविज्ञानाचा इतिहास जपणे हे त्याचे प्रयोजन. पत्रे, प्रयोगवह्या, छायाचित्रे, मुलाखती असे साहित्य तेथे अभ्यासकांसाठी राखले जाते.

अशा प्रत्येक अभिलेखागारासमोर आज एक नवा प्रश्न उभा आहे. १९८५च्या सुमारास शास्त्रज्ञाच्या टेबलावर वहीच्या शेजारी संगणक येऊन बसला आणि पुढील वीस वर्षांत निरीक्षणे, तक्ते, पत्रांचे कच्चे खर्डे हे सारे हळूहळू वहीतून फ्लॉपीवर गेले. शंभर वर्षांपूर्वीची वही उघडली की वाचता येते. तीस वर्षांपूर्वीची फ्लॉपी मात्र उघडायची कशी, येथूनच प्रश्न सुरू होतो. ती वाचणारे यंत्र घरात नसते, आणि यंत्र मिळाले तरी आतील मजकूर सरळ दिसेल याची शाश्वती नसते.

या प्रश्नाला संगणकशास्त्राने जे उत्तर दिले, ते दोन पायऱ्यांचे आहे. पहिली पायरी म्हणजे फ्लॉपीवरील प्रत्येक बाइट जशीच्या तशी उतरवून घेणे. या प्रतीला 'डिस्क इमेज' म्हणतात. दुसरी पायरी म्हणजे एका छोट्या प्रोग्रॅमच्या, म्हणजेच स्क्रिप्टच्या, मदतीने त्या इमेजमधून मूळच्या फाइली आणि डिरेक्टरी पुन्हा बाहेर काढणे. पहिली पायरी जतनाची आहे, दुसरी वाचनाची. जतन झाले म्हणजे वाचन झाले, असा आपला समज असतो. तो किती चुकीचा आहे, हे या विद्येच्या इतिहासातून कळते.

रुमाल आणि यादी

येलहंक्याचा मराठी इतिहासाशी असलेला संबंध जुना आहे. येलहंक्याचे नाडप्रभू पहिले केंपेगौडा यांनी १५३७ मध्ये बेंगळुरूचा किल्ला आणि पेठ वसवली. पुढे १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखाली बेंगळुरू घेतले आणि तो प्रदेश शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आला. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी नंतर तंजावरला राज्य स्थापले. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात त्या दरबाराचे मोडी कागद आजही आहेत.

मोडी कागदांची मराठी परंपरा येथे आठवण्याचे कारण आहे. जुन्या दप्तरांत कागद सुटे ठेवत नसत. एका विषयाचे, एका प्रांताचे किंवा एका सालाचे कागद एकत्र करून कापडात बांधत, आणि त्या गाठोड्याला 'रुमाल' म्हणत. कागद कोणत्या रुमालात, कोणत्या कागदाच्या शेजारी सापडला, यावरून त्याचा अर्थ ठरे. तारीख नसलेले पत्रही त्याच्या मागच्या-पुढच्या पत्रांवरून एखाद्या मोहिमेशी जोडता येई. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड १९३०च्या दशकाच्या पूर्वार्धात सिद्ध केले, तेव्हा त्यांच्यापुढे असलेले काम दोन प्रकारचे होते. मोडी अक्षर लावायचे, आणि कोणता कागद कोठला हेही लावायचे.

संगणकातील डिरेक्टरी ही नेमकी रुमालाच्या जागी आहे. फाइल म्हणजे कागद. डिरेक्टरी म्हणजे तो कोणत्या गाठोड्यात होता याची नोंद. म्हणून जुन्या फ्लॉपीतून केवळ फाइली काढणे पुरेसे नाही. डिरेक्टरींची रचना, नावे आणि तारखा यांच्यासह त्या काढाव्या लागतात. नाहीतर आपल्या हाती रुमाल सोडून पसरलेल्या कागदांचा ढीग उरतो.

डिरेक्टरी कोठून आली

एका डिरेक्टरीच्या पोटात दुसरी, तिच्या पोटात तिसरी, अशी उतरंड आज आपल्याला स्वाभाविक वाटते. पण ती कोणीतरी योजली आहे. १९६५ मध्ये आर. सी. डेली आणि पी. जी. न्यूमन यांनी मल्टिक्स या प्रणालीसाठी अशा उतरंडीच्या फाइल-व्यवस्थेचे वर्णन एका निबंधात केले. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ती कल्पना युनिक्समध्ये अधिक साधी करून आणली. आरंभीच्या युनिक्समध्ये डिरेक्टरीतील प्रत्येक नोंद अवघ्या १६ बाइटची असे : २ बाइटचा क्रमांक आणि १४ बाइटचे नाव.

छोट्या संगणकांचा मार्ग वेगळा होता. आयबीएमची आठ इंची फ्लॉपी १९७१ मध्ये आली, सव्वापाच इंची १९७६ मध्ये. या लहानशा चकतीवर कोणता भाग कोणत्या फाइलचा आहे याचा हिशेब ठेवण्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडॉनल्ड यांनी १९७७ मध्ये एक तक्ता योजला. तोच पुढे 'फॅट', म्हणजे फाइल अ‍ॅलोकेशन टेबल, या नावाने जगभर पसरला. १९८१च्या पहिल्या डॉसमध्ये सर्व फाइली एकाच यादीत असत, पोट-डिरेक्टरी नव्हत्या. त्या १९८३च्या डॉस २.० मध्ये आल्या. त्यामुळे १९८२ची फ्लॉपी आणि १९८४ची फ्लॉपी बाहेरून सारख्या दिसल्या तरी आतून त्या दोन वेगळ्या रीतींच्या दप्तरांसारख्या असू शकतात. वाचणाऱ्याला हा इतिहास माहीत असावा लागतो.

प्रत कशी घ्यावी

डिस्क इमेज घेण्याचे सर्वांत जुने आणि अजूनही वापरात असलेले साधन म्हणजे युनिक्समधील 'डीडी' ही आज्ञा. ती १९७४च्या पाचव्या आवृत्तीत दिसते. तिला फाइल म्हणजे काय हे कळत नाही, आणि हेच तिचे बळ आहे. ती पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत सर्व काही निमूटपणे उतरवते : मजकूर, रिकाम्या जागा, खोडलेल्या फाइलींचे अवशेष, सारे काही.

साडेतीन इंची नेहमीच्या फ्लॉपीचे गणित असे. दोन बाजू, प्रत्येक बाजूवर ८० वर्तुळाकार मार्ग, प्रत्येक मार्गावर १८ सेक्टर, आणि प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट. गुणाकार केला की २,८८० सेक्टर आणि १४,७४,५६० बाइट होतात. बरोबर घेतलेली इमेज नेमकी एवढ्याच आकाराची असली पाहिजे. एक बाइट कमी असली तरी काहीतरी सुटले आहे असे समजावे.

प्रत घेण्यापूर्वी एक काळजी अनिवार्य आहे. साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यातील छोटी खिडकी उघडी असेल तर तिच्यावर लिहिता येत नाही. सव्वापाच इंची फ्लॉपीत याउलट कडेची खाच चिकटपट्टीने झाकावी लागते. हा उपद्व्याप निरर्थक नाही. विंडोज ९५ आणि तिच्या नंतरच्या भगिनी-आवृत्त्या उघडी फ्लॉपी नुसती पाहण्यासाठी घातली तरी तिच्या पहिल्या सेक्टरमधील आठ अक्षरांच्या नामपट्टीवर स्वतःची खूण लिहून ठेवीत. ती फ्लॉपी मुळात कोणत्या प्रणालीवर तयार झाली होती, याचा पुरावा असा नुसत्या पाहण्याने पुसला जाई.

प्रत झाल्यावर तिचा 'हॅश' काढतात. साऱ्या बाइटींवरून गणिताने काढलेला तो एक ठसा असतो. एखादी बाइट जरी बदलली तरी ठसा पूर्ण बदलतो. दहा वर्षांनी पुन्हा ठसा काढून तो जुळला, तर प्रत अबाधित आहे. यानंतरचे सारे काम प्रतीवर करायचे. मूळ फ्लॉपी डब्यात परत.

स्क्रिप्ट काय वाचते

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, येलहंका येथे राहणाऱ्या एका मराठी पक्षीनिरीक्षकाने १९९३ मध्ये पुट्टेनहळ्ळी तळ्यावरील पक्ष्यांची दर आठवड्याला मोजणी केली आणि ती एका फ्लॉपीवर ठेवली. आज ते तळे चहूबाजूंनी शहराने वेढलेले आहे. त्या काळचे बगळे आज कोणालाही पुन्हा मोजता येणार नाहीत. प्रयोगशाळेतला प्रयोग पुन्हा करता येतो. १९९३ मधला पावसाळा पुन्हा आणता येत नाही. त्यामुळे त्या १४,७४,५६० बाइटींमध्ये काय आहे, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाही.

स्क्रिप्ट प्रथम पहिला सेक्टर उघडते. याला बूट सेक्टर म्हणतात. त्याच्या शेवटच्या दोन बाइटी ८५ आणि १७० असतील, तर तो शाबूत असण्याची शक्यता मोठी. याच सेक्टरमध्ये फ्लॉपीचा नकाशा असतो : सेक्टर किती बाइटींचा, तक्त्याच्या प्रती किती, मुख्य यादीत नोंदी किती मावतात. पहिल्या डॉसच्या फ्लॉपींत हा नकाशाच नसे; तेथे तक्त्याच्या पहिल्या बाइटवरून अंदाज बांधावा लागतो. २५४ असेल तर १६० किलोबाइटची जुनी फ्लॉपी, २४० असेल तर साडेतीन इंची. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने इतिहास जाणला पाहिजे असे वर म्हटले, ते याच अर्थाने.

नेहमीच्या फ्लॉपीत यानंतर फॅट तक्त्याच्या दोन प्रती येतात, प्रत्येकी ९ सेक्टरच्या. एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून ही योजना. स्क्रिप्टने दोन्ही ताडून पाहाव्यात. त्यापुढे १४ सेक्टरांत मुख्य डिरेक्टरी असते. तिच्यात २२४ नोंदी मावतात, प्रत्येक नोंद ३२ बाइटची. शून्यापासून मोजले तर प्रत्यक्ष मजकूर ३३ क्रमांकाच्या सेक्टरपासून सुरू होतो.

डिरेक्टरीतील ३२ बाइटींची एक नोंद म्हणजे दप्तरातील यादीची एक ओळ. पहिल्या ८ बाइटींत नाव, पुढील ३ बाइटींत नावाची शेपटी, मग ही नोंद फाइलची की डिरेक्टरीची हे सांगणारी एक बाइट, पुढे वेळ, तारीख, मजकुराचा आरंभ कोठे आहे तो क्रमांक, आणि शेवटच्या चार बाइटींत फाइलचा आकार.

तारखेचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. समजा, तारखेच्या जागी १५ आणि २७ या दोन बाइटी आहेत. या यंत्रांत लहान किमतीची बाइट आधी लिहितात. म्हणून संख्या होते २७ गुणिले २५६ अधिक १५, म्हणजे ६,९२७. आता या संख्येला ५१२ने भागले तर भागाकार १३ येतो. वर्षे १९८० पासून मोजतात, म्हणून साल १९९३. उरलेल्या २७१ला ३२ने भागले तर ८, म्हणजे ऑगस्ट. आणि बाकी १५. त्या फाइलवर शेवटचा हात १५ ऑगस्ट १९९३ रोजी फिरला होता. वेळ मात्र दोन सेकंदांच्या टप्प्यांनीच नोंदलेली असते, कारण १६ बिटांत त्याहून अधिक मावत नाही.

मजकूर सलग असेलच असे नाही. फॅट तक्ता साखळीसारखा आहे. आरंभ ५ क्रमांकाच्या तुकड्यात असेल, तर तक्त्याच्या ५व्या घरात पुढच्या तुकड्याचा क्रमांक असतो, समजा ६. सहाव्या घरात ९. नवव्या घरात 'येथे समाप्त' अशी खूण. तुकड्यांची मोजणी २ पासून सुरू होते, म्हणून ५ क्रमांकाचा तुकडा ३६व्या सेक्टरमध्ये सापडतो. या नेहमीच्या फ्लॉपीत एक तुकडा म्हणजे एकच सेक्टर. तक्त्यातील प्रत्येक घर १२ बिटांचे असते. आठ बिटांत २५६ पेक्षा अधिक आकडे मावत नाहीत आणि फ्लॉपीत तुकडे असतात २,८४७. सोळा बिटे दिली तर जागा वाया जाते. म्हणून दोन घरे तीन बाइटींत कोंबलेली असतात. १९७०-८०च्या दशकांतील ही काटकसर आजच्या विद्यार्थ्याला चमत्कारिक वाटेल, पण स्क्रिप्ट लिहिताना पहिली चूक बहुधा येथेच होते.

डिरेक्टरी ही स्वतः एक फाइलच असते. फरक एवढाच, की तिच्या मजकुरात पुन्हा ३२-३२ बाइटींच्या नोंदी असतात. म्हणून स्क्रिप्ट डिरेक्टरी भेटली की तिच्या आत शिरते, तिच्यातील फाइली काढते, आणखी डिरेक्टरी भेटली तर तिच्याही आत शिरते. प्रत्येक पोट-डिरेक्टरीत आरंभी दोन खास नोंदी असतात : एका बिंदूची, जी स्वतःकडे बोट दाखवते, आणि दोन बिंदूंची, जी वरच्या डिरेक्टरीकडे बोट दाखवते. या दोन्ही वगळल्या नाहीत, तर स्क्रिप्ट त्याच त्या जागी फिरत राहते. तसेच बिघडलेल्या फ्लॉपीत साखळी स्वतःलाच येऊन मिळू शकते. म्हणून एकदा भेट दिलेला तुकडा लक्षात ठेवणे शहाणपणाचे.

हे सारे काम करणारी तयार साधने आहेत. 'एमटूल्स' हा जुना संच, ब्रायन कॅरियर यांचा 'स्लूथ किट', आणि अमेरिकेतील दोन विद्यापीठ-केंद्रांनी २०११ मध्ये अभिलेखागारांसाठी सुरू केलेला 'बिटक्युरेटर' प्रकल्प ही त्यांपैकी काही नावे. मग स्वतःची स्क्रिप्ट कशासाठी? एक कारण संख्येचे आहे : दोनशे फ्लॉपी हाताने उघडल्या तर एखादी सुटतेच, आणि कोणती सुटली हे कळत नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. स्क्रिप्ट ही केलेल्या कामाची लेखी नोंद असते. ती दुसऱ्या अभ्यासकाला दिली आणि त्याने त्याच इमेजवर चालवली, तर त्याच फाइली निघाल्या पाहिजेत. विज्ञानात ज्याला पुनरावृत्तीची कसोटी म्हणतात, ती येथेही लागू आहे.

खोडलेल्या ओळी

डॉसमध्ये फाइल खोडली, तरी मजकूर लगेच जात नाही. नोंदीतील नावाची पहिली बाइट २२९ केली जाते आणि तक्त्यातील साखळी मोकळी केली जाते. मजकुराचे सेक्टर दुसऱ्या फाइलने व्यापेपर्यंत जसेच्या तसे राहतात. नावाचे पहिले अक्षर गेलेले, पण पुढची सात अक्षरे शिल्लक, असे ते दृश्य असते. शिवाय १,३०० बाइटींची फाइल तीन सेक्टर, म्हणजे १,५३६ बाइटी, व्यापते. उरलेल्या २३६ बाइटींत आधीच्या कुठल्या तरी मजकुराची शेपटी राहिलेली असू शकते.

डिस्क इमेजमध्ये हे सारे येते, आणि चांगली स्क्रिप्ट ते परतही मिळवू शकते. प्रश्न असा, की मिळवावे का? एखाद्या शास्त्रज्ञाने आपले कागद अभिलेखागाराला देताना फाडलेले पत्र दिले नसते. फ्लॉपीबरोबर मात्र फाडलेले पत्रही नकळत दिले जाते. म्हणून जबाबदार अभ्यासक जिवंत फाइली आणि खोडलेले अवशेष वेगळे ठेवतात, आणि अवशेष उघडण्यापूर्वी देणाऱ्याची किंवा त्याच्या वारसांची संमती विचारतात. तंत्राने शक्य आहे म्हणून ते करण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही.

फाइल निघाली, तरी मजकूर कोठे?

आपल्या कल्पित फ्लॉपीकडे परत येऊ. स्क्रिप्टने डिरेक्टरी काढल्या, तारखा लावल्या, फाइली बाहेर आल्या. फाइल उघडली तर पडद्यावर काय दिसेल?

१९९३ मध्ये संगणकावर मराठी लिहिण्याचा एक प्रमुख मार्ग होता जिस्ट कार्ड. मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कानपूरच्या आयआयटीत हे काम सुरू केले आणि पुढे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये ते वाढवले. हे कार्ड बसवले की डॉसवरील नेहमीचे प्रोग्रॅमही भारतीय लिप्या दाखवू लागत. मजकूर साठवला जाई 'इस्की' या संकेतप्रणालीत, जिला १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली.

इस्कीत 'बगळा' हा शब्द चार बाइटींचा आहे : २०२, १८१, २१०, २१८. म्हणजे ब, ग, ळ आणि काना. जिस्ट कार्ड नसलेल्या डॉसच्या पडद्यावर याच चार बाइटी तक्त्याच्या चौकटीचे चार तुटके तुकडे म्हणून दिसतात. विंडोजवर उघडल्या तर त्यांतील काही डोक्यावर टोपी आणि मात्रा घेतलेल्या युरोपीय अक्षरांसारख्या दिसतात. बाइटी एकही बदललेली नाही. हॅशचा ठसा तंतोतंत जुळतो. तरीही बगळा दिसत नाही. पाहणाऱ्याला वाटते, फाइल खराब झाली; आणि तो ती टाकून देतो.

युनिकोडमध्ये तेच चार घटक आज प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीने १२ बाइटी घेतात. इस्कीतून युनिकोडमध्ये नेणारी दुसरी एक छोटी स्क्रिप्ट लिहिणे कठीण नाही, कारण इस्कीचे मानक प्रसिद्ध आहे आणि युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आराखड्यावरच बेतलेली आहे. १९९५ नंतरच्या फाइलींत अडचण अधिक आहे. त्या काळात मुद्रणासाठी वापरलेल्या अनेक फॉन्टांत अक्षराला नव्हे, तर अक्षराच्या आकाराला क्रमांक दिलेला असे. 'कि' लिहिताना वेलांटी आधी आणि क नंतर साठवला जाई, कारण कागदावर ती आधी दिसते. रफार उलट, अक्षराच्या नंतर. प्रत्येक फॉन्टची सारणी निराळी. ती सारणी हरवली, तर मजकूर हा उलगडायचा कूटलेख होतो.

मोडीचे नेमके हेच झाले. कागद टिकले, शाई टिकली, रुमालही टिकले. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर वाचणारे मात्र कमी होत गेले. आज घराघरांतील मोडी कागद लोक कपाटात जपून ठेवतात आणि त्यांत काय लिहिले आहे हे त्यांना ठाऊक नसते. लिपीलाही इंग्रजीत स्क्रिप्टच म्हणतात, हा योगायोग येथे अर्थपूर्ण आहे. एका स्क्रिप्टचे ज्ञान शाळेतून गेले आणि कागद मुके झाले. दुसऱ्या प्रकारची स्क्रिप्ट आपण लिहिली आणि जपली नाही, तर १९८५ ते २००५ या काळातील मराठी आणि भारतीय विज्ञानाच्या नोंदींचेही तसेच होईल. फरक एवढाच, की कागदाने दोनशे वर्षे वाट पाहिली. फ्लॉपीवरील चुंबकीय लेप तेवढी पाहणार नाही.

दोन उदाहरणे

चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी १९८५ मध्ये अमिगा संगणकावर काही चित्रे काढली होती. त्यांच्या फ्लॉपी पिट्सबर्गच्या वॉरहॉल संग्रहालयात कित्येक वर्षे पडून होत्या. जपलेल्या होत्या, पण वाचलेल्या नव्हत्या. कार्नेगी मेलन विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या संगणक-मंडळाने त्यांच्या इमेज घेतल्या आणि फाइली बाहेर काढल्या. चित्रांचे फाइल-स्वरूपही अनोळखी निघाले, तेव्हा तेही उलगडले. २०१४ मध्ये ती चित्रे जगासमोर आली. हे काम विद्यार्थी-मंडळाने केले, ही गोष्ट आपल्याकडील महाविद्यालयांनी लक्षात घ्यावी.

दुसरे उदाहरण आपले आहे. चांद्रयान-१ हे २२ ऑक्टोबर २००८ रोजी निघाले आणि ऑगस्ट २००९च्या अखेरीस त्याच्याशी संपर्क तुटला. त्यावरील मून मिनरॉलॉजी मॅपर या उपकरणाची विदा मात्र जिवंत राहिली. यान मुके झाल्यानंतर नऊ वर्षांनी, २०१८ मध्ये, शुआय ली आणि सहकाऱ्यांनी त्याच जुन्या विदेतून चंद्राच्या ध्रुवीय प्रदेशांतील सदैव सावलीत राहणाऱ्या भागांत पृष्ठभागावर उघड्या असलेल्या बर्फाचा पुरावा मांडला.

हे शक्य झाले, याचे एक कारण विदा ठेवण्याच्या पद्धतीत आहे. ग्रहविज्ञानात प्रत्येक विदा-फाइलसोबत साध्या मजकुरातील एक पट्टी ठेवण्याचा दंडक आहे. या फाइलीत ओळी किती, स्तंभ किती, प्रत्येक संख्या किती बिटांची, लहान बाइट आधी की मोठी, हे सारे त्या पट्टीवर लिहिलेले असते. बेंगळुरूच्या नैर्ऋत्येला ब्यालालू येथे इस्रोचे भारतीय अंतराळ विज्ञान विदा केंद्र आहे. तेथील ग्रहमोहिमांची विदाही याच आंतरराष्ट्रीय परिपाठाने ठेवली जाते. वाचण्याची किल्ली कुलुपाशेजारीच टांगून ठेवायची, असा तो साधा विचार आहे. घरातील फ्लॉपीला अशी पट्टी कोणी लावलेली नसते. म्हणून तिच्यासाठी ती किल्ली आपल्याला आज, ज्यांना माहीत आहे ते हयात असताना, तयार करावी लागेल.

विद्यार्थ्यांनी काय करावे

घरात, शाळेत, निवृत्त प्राध्यापकांच्या कपाटात फ्लॉपी सापडल्या, तर त्या सहज म्हणून संगणकात घालून पाहू नयेत. आधी लिहिण्याची सोय बंद करावी, मग इमेज घ्यावी, ठसा काढून ठेवावा. सेक्टर वाचता येत नसतील तर पुन्हापुन्हा हट्ट न करता आधी चांगले भाग उतरवून घ्यावेत आणि मग उरलेल्यांकडे वळावे. 'डीडीरेस्क्यू' हे साधन याच क्रमाने काम करते. त्यानंतर स्क्रिप्ट चालवावी, डिरेक्टरींची रचना जशी होती तशी ठेवावी, आणि कोणती फाइल निघाली, कोणती अर्धवट राहिली याची यादी सोबत लिहावी. लेबलवरील हस्ताक्षराचे छायाचित्रही घ्यावे. तेही रुमालावरील चिठ्ठीसारखेच आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे : फ्लॉपीची मालक व्यक्ती हयात असेल, तर कोणता प्रोग्रॅम, कोणता फॉन्ट, कोणते वर्ष, हे तिला आजच विचारून लिहून घ्यावे. बाइटींत न मावणारी ती माहिती कोणत्याही स्क्रिप्टने परत मिळत नाही.

फॅटच्या रचनेचे पूर्ण वर्णन आज उपलब्ध आहे. पायथॉनमध्ये दीडशे ओळींत वर सांगितलेली स्क्रिप्ट बसते. बारावीच्या विद्यार्थ्यालाही दोन-तीन रविवारांत ती जमावी. तिच्या शेवटी जर पुट्टेनहळ्ळीसारख्या एखाद्या तळ्यावरची १९९३ची मोजणी हाती आली, तर ती आजच्या मोजणीशेजारी मांडता येईल, आणि तळ्याचे मधल्या तीस वर्षांत काय झाले हे आकड्यांनी सांगता येईल.